एडिनबराचं पत्र आलं की लंडनला फोन करा: स्कॉटलंडमधल्या मराठी घरांसाठी बेनिफिट क्लेमचा क्रम

स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या माणसाला बेनिफिट देणारी सरकारं दोन आहेत (लंडनचं यूके सरकार आणि एडिनबराचं स्कॉटिश सरकार) आणि तिसरं स्थानिक कौन्सिल, आणि आपल्या बऱ्याच घरांमध्ये हक्काचे पैसे राहून जातात ते या तिघांच्या मधल्या फटीत. एका ठिकाणी अर्ज केला, "नाही" आलं, की माणूस गप्प बसतो. पण इथली सिस्टीम अशी आहे की एका सरकारने दिलेलं उत्तर दुसऱ्या सरकारकडचं उत्तर बदलून टाकतं, त्यामुळे प्रत्येक पत्र आल्यावर दुसरीकडे परत विचारावं लागतं. हा सगळा लेख त्यासाठीच आहे. खालचे सगळे आकडे २०२५-२६ च्या दराचे आहेत, दर एप्रिलला ते बदलतात.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण ती कळली की पुढचं सोपं जातं. २०१६ च्या स्कॉटलंड अॅक्टने अकरा बेनिफिट एडिनबराकडे दिले, मुख्यतः आजारपण, अपंगत्व, देखभाल करणारे, बाळंतपण, अंत्यविधी, थंडीतली हीटिंगची मदत असे. मग २०१८ ला स्कॉटिश संसदेने स्वतःचा सोशल सिक्युरिटीचा कायदा केला आणि त्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या: सोशल सिक्युरिटी हा मानवी हक्क आहे, आणि लोकांनी आपला हक्क घ्यावा म्हणून प्रयत्न करणं हे मंत्र्यांचं कायदेशीर काम आहे. त्यासाठीची पहिली स्ट्रॅटेजी ऑक्टोबर २०१९ ला आली, दुसरी ऑक्टोबर २०२१ ला. लंडनच्या डीडब्ल्यूपीवर (यूके सरकारचं बेनिफिट आणि पेन्शनचं खातं) असं कायद्याचं बंधन नाही, तिथे मोहिमा निघतात पण त्या त्या वेळच्या गरजेप्रमाणे. जे काका-काकू म्हणतात ना "सरकारचं फुकटचं कशाला घ्यायचं, आपण काय भिकारी आहोत का", त्यांना हे आवर्जून सांगा की इथल्या कायद्यातच हा हक्क म्हणून लिहिलाय, आणि तुम्ही तो घ्यावा म्हणून सरकारी माणसं पगारावर ठेवलीत.

पायरी १: व्हिसा बघा, बाकी सगळं नंतर

ही पायरी कुणीही गाळू नका. ज्यांच्या व्हिसावर "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स" ही अट आहे (स्किल्ड वर्कर, स्टुडंट, त्यांचे डिपेंडंट, बहुतेक सगळे) त्यांनी या लेखातले बहुतेक बेनिफिट घ्यायचे नाहीत, मग ते लंडनचे असोत की एडिनबराचे, कारण इमिग्रेशनच्या नियमांमध्ये पब्लिक फंड्सच्या यादीत स्कॉटिश चाइल्ड पेमेंट, अॅडल्ट डिसेबिलिटी पेमेंट वगैरेसुद्धा आहेत. स्कॉटलंड वेगळं देतं म्हणून चालेल असं समजून क्लेम केला तर पुढे व्हिसाच्या वेळी त्रास होतो. एनएचएस पब्लिक फंड्समध्ये मोडत नाही आणि नॅशनल इन्शुरन्स भरून मिळणारी स्टेट पेन्शनही मोडत नाही, तेवढी चिंता सोडा.

आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) मिळालं किंवा ब्रिटिश पासपोर्ट आला की अट जाते. अपवाद एकच आणि तो आपल्याकडे बऱ्याच घरांना लागू होतो: आईबाबांना अॅडल्ट डिपेंडंट रिलेटिव्ह म्हणून आणलं असेल आणि मुलाने किंवा मुलीने त्यांना सांभाळायची लेखी हमी दिली असेल तर पाच वर्षं पेन्शन क्रेडिटसारख्या (कमी उत्पन्नाच्या पेन्शनवाल्यांना मिळणारी भर) गोष्टी मिळत नाहीत. नवरा-बायकोपैकी एकाला अट आहे आणि एकाला नाही अशा घरांनी स्वतः फॉर्म भरू नये, आधी इमिग्रेशन आणि बेनिफिट दोन्ही कळणाऱ्या सल्लागाराकडे जावं. सिटिझन्स अॅडव्हाइसमध्ये हे फुकट होतं.

पायरी २: कोण काय देतं ते एका कागदावर लिहून काढा

लंडनकडे, म्हणजे डीडब्ल्यूपीकडे: स्टेट पेन्शन, पेन्शन क्रेडिट, युनिव्हर्सल क्रेडिट (पेन्शनच्या वयाखालच्या, कमी उत्पन्नाच्या घरांसाठी). चाइल्ड बेनिफिट पण लंडनचंच, पण ते टॅक्सवाले एचएमआरसी देतात.

एडिनबराकडे, म्हणजे सोशल सिक्युरिटी स्कॉटलंडकडे (हेडऑफिस खरं तर डंडीत आहे): स्कॉटिश चाइल्ड पेमेंट, लहान मुलांच्या घरांसाठी बेस्ट स्टार्टची पेमेंट्स, मुलांचं, मोठ्यांचं आणि पेन्शनवाल्यांचं अशी तीन डिसेबिलिटी पेमेंट्स, देखभाल करणाऱ्यांसाठी केअरर सपोर्ट पेमेंट, थंडीतली हीटिंग पेमेंट्स, फ्युनरल सपोर्ट.

कौन्सिलकडे: कौन्सिल टॅक्स रिडक्शन, शाळेच्या कपड्यांची ग्रँट, अडीअडचणीला स्कॉटिश वेल्फेअर फंड.

हा कागद फ्रिजवर लावून ठेवा. चुकीच्या खात्याला फोन करून अर्धा तास लाइनवर थांबायचं आणि मग "हे आमच्याकडे नाही" ऐकायचं, यातच अर्धी माणसं दमतात आणि नाद सोडतात.

दोन्ही सरकारं एकमेकांशी बोलतात का? बोलतात. २०१५ पासून मंत्र्यांचा एक संयुक्त गट आहे, आणि खालच्या लेव्हलला कॉम्प्युटर-टू-कॉम्प्युटर माहिती जाते, म्हणजे तुम्हाला युनिव्हर्सल क्रेडिट मिळतं की नाही हे डंडीतला माणूस डीडब्ल्यूपीच्या डेटावरून तपासू शकतो. पीआयपी (डीडब्ल्यूपीचं मोठ्यांचं डिसेबिलिटी बेनिफिट) घेणाऱ्या लाखो लोकांच्या केसेस डीडब्ल्यूपीकडून स्कॉटलंडकडे गेल्या आणि त्यातल्या कुणाला नवा फॉर्म भरावा लागला नाही, हे दोघांनी मिळून केलेलं खरंच चांगलं काम आहे. युनिव्हर्सल क्रेडिट लंडनचं असूनही स्कॉटलंडमध्ये ते महिन्यातून दोनदा घ्यायची आणि घरभाडं थेट घरमालकाला पाठवायची सोय आहे, तो निर्णय एडिनबराचा आणि अंमलबजावणी डीडब्ल्यूपीची. पण ही सगळी देवाणघेवाण जो माणूस सिस्टीममध्ये आधीच आहे त्याच्यासाठी. ज्याने पहिला क्लेमच केला नाही त्याच्या दारात कुणी येत नाही.

पायरी ३: मुलं असतील तर युनिव्हर्सल क्रेडिट आधी

स्कॉटिश चाइल्ड पेमेंट हे फक्त स्कॉटलंडमध्येच आहे. फेब्रुवारी २०२१ ला सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आठवड्याला १० पाउंडांनी सुरू झालं, नोव्हेंबर २०२२ पासून १६ वर्षांखालच्या सगळ्यांना मिळायला लागलं, २०२५-२६ चा दर प्रत्येक मुलामागे आठवड्याला २७.१५ पाउंड आहे आणि मुलं किती यावर मर्यादा नाही. दोन मुलं असतील तर वर्षाला अठ्ठावीसशे पाउंडांच्या वर जातं.

पण एडिनबराचं हे पेमेंट लंडनच्या बेनिफिटवर टांगलेलं आहे. युनिव्हर्सल क्रेडिट किंवा पेन्शन क्रेडिटसारखं काहीतरी चालू असल्याशिवाय ते मिळतच नाही. म्हणून "आम्हाला युनिव्हर्सल क्रेडिट महिन्याला पंधरा-वीस पाउंडच बसतंय, कशाला त्या भानगडीत पडायचं" असं म्हणणारं घर प्रत्यक्षात ते पंधरा-वीस पाउंड सोडत नाहीये, मागचं चाइल्ड पेमेंट, बेस्ट स्टार्ट, शाळेच्या कपड्यांची ग्रँट अशी अख्खी रांग सोडतंय. रक्कम लहान असली तरी क्लेम करा, आणि ते मंजूर झालं की त्याच दिवशी सोशल सिक्युरिटी स्कॉटलंडचा फॉर्म भरा. तो आपोआप येत नाही, वेगळा भरावाच लागतो.

युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये बचत १६,००० पाउंडांच्या वर असेल तर मिळत नाही, आणि त्यात भारतातल्या एफडी आणि राहत नसलेला फ्लॅट हे पण धरतात. हे लपवू नका.

पायरी ४: आईबाबांसाठी पेन्शन क्रेडिट

यूकेमध्ये सगळ्यात जास्त राहून जाणाऱ्या बेनिफिटपैकी हे एक आहे, साधारण तीनपैकी एक पात्र घर ते घेतच नाही असा सरकारचाच अंदाज आहे. एकट्या माणसाचं आठवड्याचं उत्पन्न २२७.१० पाउंडांपेक्षा कमी असेल किंवा जोडप्याचं ३४६.६० पेक्षा कमी, तर वरची भर डीडब्ल्यूपी घालतं. बचतीचे पहिले १०,००० पाउंड धरत नाहीत, त्यावरच्या प्रत्येक ५०० पाउंडांमागे आठवड्याला एक पाउंड उत्पन्न आहे असं मानतात. म्हणजे थोडी बचत आहे म्हणून आपण बाद, हा समज चुकीचा आहे.

क्लेमचा फोन ०८०० ९९ १२३४, ऑनलाइन पण होतो, आणि पात्रता आधीपासून असेल तर तीन महिने मागचे पैसे मिळतात. फोनवर दुभाषी मागता येतो. मराठीचा मिळायला वेळ लागू शकतो, म्हणून घरातल्या कुणीतरी शेजारी बसून बोललेलं बरं, फक्त आजी-आजोबांनी सुरुवातीला स्वतः "हो, हा माझ्या वतीने बोलेल" असं सांगायचं.

कागद काढून ठेवा: नॅशनल इन्शुरन्स नंबर, बँक स्टेटमेंट, आणि भारतातली पेन्शन. महाराष्ट्र सरकारची किंवा बँकेची पेन्शन येत असेल तर ती उत्पन्नात धरतात. गावाकडच्या वडिलोपार्जित जमिनीत भावांबरोबर हिस्सा असेल तर त्याची किंमत कशी धरायची हा किचकट मुद्दा आहे, सातबारा घेऊन कौन्सिलच्या वेल्फेअर राइट्सवाल्याकडे (बेनिफिटचा सल्ला देणारा) जा आणि त्याच्याकडून समजून घेऊनच लिहा. जोडप्यातला एक जण पेन्शनच्या वयाच्या खाली असेल तर मे २०१९ पासून नव्या क्लेमसाठी पेन्शन क्रेडिट नाही, युनिव्हर्सल क्रेडिटच करावं लागतं.

आणि पुण्याला हिवाळा काढायला जाणाऱ्यांनी हे नीट वाचा. देशाबाहेर चार आठवड्यांपेक्षा जास्त राहिलात तर पेन्शन क्रेडिट बंद होतं, परत आल्यावर पुन्हा क्लेम. डिसेबिलिटी पेमेंटला साधारण १३ आठवड्यांची मुभा आहे. जाण्याआधी दोन्ही खात्यांना कळवा, एकाला सांगितलं म्हणजे दुसऱ्याला कळलं असं धरू नका.

पायरी ५: पेन्शन एज डिसेबिलिटी पेमेंट, आणि इथे जरा थांबून लिहितो

पूर्वीचं अटेंडन्स अलाउन्स म्हणजे हेच. स्कॉटलंडने ते ऑक्टोबर २०२४ ला काही भागांत सुरू केलं आणि २२ एप्रिल २०२५ पासून सगळीकडे. यात उत्पन्न, बचत, फ्लॅट काहीच बघत नाहीत, फक्त गरज बघतात. दिवसा किंवा रात्री मदत लागत असेल तर आठवड्याला ७३.९०, दिवसा आणि रात्री दोन्ही लागत असेल तर ११०.४०. गरज सहा महिन्यांपासून हवी. मुलाबरोबर राहत असले तरी मिळतं, मदत घरचेच करत असले तरी मिळतं. गेल्या ५२ आठवड्यांत २६ आठवडे इथे असणं लागतं, तर इंग्लंडमध्ये अटेंडन्स अलाउन्सला १५६ पैकी १०४ आठवडे मागतात, हा फरक आपल्यासारख्या ये-जा करणाऱ्यांसाठी मोठा आहे.

फोन ०८०० १८२ २२२२. पहिल्या भागात नाव-पत्त्यासारखी साधी माहिती एवढंच, तो गेला की तुमची तारीख धरली जाते, मग दुसरा भाग भरायला आठ आठवडे मिळतात. म्हणून पहिला भाग आजच करा, दुसरा सावकाश.

दुसऱ्या भागात आपली माणसं हरतात, आणि ती खोटं बोलून हरत नाहीत, चांगुलपणाने हरतात. फॉर्ममध्ये विचारतात आंघोळीला मदत लागते का. आजी म्हणते "छे, मी माझी माझी करते". आता प्रत्यक्ष काय होतं ते बघा: बाथरूममध्ये प्लास्टिकचं स्टूल आहे कारण उभं राहवत नाही, टबच्या काठावरून पाय उचलताना सून दंडाला धरते, सून बाहेर दाराला कान लावून थांबते कारण आजी मागच्या वर्षी पडली होती, पाठीला साबण लागत नाही म्हणून तो लावायचाच सोडलाय, रोजची आंघोळ आता दिवसाआड झालीये, आणि बाहेर आल्यावर अर्धा तास पलंगावर पडून राहावं लागतं. हे सगळं म्हणजे मदत लागते. हेच शब्द फॉर्ममध्ये लिहायचे. "थोडा त्रास होतो" असं लिहू नका, किती वेळ लागतो, कोण धरतं, कोण थांबतं, काय करायचं सोडून दिलं, हे लिहा. रात्रीचं वेगळं लिहा: किती वेळा उठतात, बाथरूमपर्यंत कोण जातं, दिवा कोण लावतं. गोळ्या कोण काढून देतं ते लिहा, विसरून गॅस चालू राहिला होता का ते लिहा. मदत मिळते की नाही यापेक्षा गरज आहे की नाही हे महत्त्वाचं, एकटा माणूस कसंबसं निभावत असेल तरी गरज असतेच.

आठवडाभर एका वहीत टिपणं ठेवा, मग फॉर्म भरा. जीपीचं (आपल्या डॉक्टरचं) पत्र, औषधांची यादी जोडा, नसेल तर परवानगी दिल्यावर सोशल सिक्युरिटी स्कॉटलंड स्वतः मागवून घेतं. त्यांचे लोक प्रत्येक कौन्सिलच्या भागात आहेत आणि फॉर्म भरायला घरी येतात, ही सोय मागा. शिवाय व्हॉइसअॅबिलिटी ही संस्था तिथल्या प्रक्रियेत डिसेबिलिटी असलेल्यांच्या बाजूने उभी राहते, फुकट.

पायरी ६: मंजुरीचं पत्र आलं, आता लंडनला फोन

समजा एक काकू एकट्या राहतात, स्टेट पेन्शन आणि छोटी खासगी पेन्शन मिळून आठवड्याला २४० पाउंड. पेन्शन क्रेडिट मागितलं, मर्यादा २२७.१०, नकार आला. बरोबरच होता. सहा महिन्यांनी एडिनबराने डिसेबिलिटी पेमेंट मंजूर केलं, ७३.९०. काकू खुश, विषय संपला.

संपला नाही. एकट्या राहणाऱ्या, डिसेबिलिटी पेमेंट मिळणाऱ्या आणि ज्यांच्या नावावर कुणी केअररचे पैसे घेत नाही अशा माणसासाठी पेन्शन क्रेडिटची मर्यादा ८२.९० ने वाढते. म्हणजे २२७.१० ची ३१० झाली. डिसेबिलिटी पेमेंट उत्पन्नात धरत नाहीत, त्यामुळे काकूंचं उत्पन्न २४० च आहे, आणि आता लंडनने आठवड्याला ७० पाउंड द्यायला हवेत. त्या ७० च्या पाठोपाठ कौन्सिल टॅक्स कमी, वय ७५ किंवा त्यावर असेल तर टीव्ही लायसन्स फुकट. हे सगळं एडिनबराच्या एका पत्रामुळे उघडलं, पण ज्या खात्याने आधी नकार दिलाय ते खातं काकूंना शोधत येणार नाही. पुन्हा क्लेम करावा लागतो. आधीच पेन्शन क्रेडिट चालू असेल तरीही फोन करून "मला हे नवीन मंजूर झालंय" सांगा आणि तारीख-वेळ लिहून ठेवा.

मुलगा-सून किंवा दुसरं मोठं माणूस घरात राहत असेल तर ही ८२.९० ची वाढ बहुतेक वेळा मिळत नाही, ते आधीच सांगतो म्हणजे हिशोब चुकणार नाही.

पायरी ७: केअररचा क्लेम करण्याआधी एक हिशोब

आठवड्याला ३५ तास कुणाची देखभाल करत असाल आणि कमाई टॅक्स वगैरे जाऊन १९६ पाउंडांच्या आत असेल तर केअरर सपोर्ट पेमेंट ८३.३०. पण वरच्या काकूंसाठी लेकीने ते घ्यायला सुरुवात केली की काकूंची ८२.९० ची वाढ जाते, मर्यादा परत २२७.१० होते आणि लंडनचे ते ७० पाउंड बंद. एका खिशातून दुसऱ्या खिशात जेमतेम तेरा पाउंडांच्या फरकाने, आणि लेकीला युनिव्हर्सल क्रेडिट असेल तर त्यातून हे पेमेंट वजा होतं आणि केअररची वेगळी भर मिळते, म्हणजे हिशोब अजून वेगळा. आधी सल्ला, मग फॉर्म.

पायरी ८: कौन्सिल

इथे लांबण लावत नाही. पेन्शन क्रेडिट किंवा युनिव्हर्सल क्रेडिटचं पत्र घेऊन कौन्सिल टॅक्स रिडक्शन मागा, मुलं असतील तर कपड्यांची ग्रँट (प्रायमरीला किमान १२०, सेकंडरीला किमान १५०). कौन्सिलच्या वेल्फेअर राइट्स टीमचा नंबर घ्या, वरचे सगळे हिशोब ही माणसं रोज करतात.

पायरी ९: नकार आला तर

दोन सरकारं, दोन मुदती. डीडब्ल्यूपीला मॅन्डेटरी रीकन्सिडरेशन, म्हणजे फेरविचार, मागायला एक महिना. सोशल सिक्युरिटी स्कॉटलंडला रीडिटर्मिनेशन, म्हणजे तिथला फेरविचार, मागायला ४२ दिवस. पत्र हातात आलं की पाकिटावर शेवटची तारीख लिहा. दोन्हीकडे त्यानंतर ट्रायब्युनल आहे, आणि तिथे जायला घाबरू नका, पैसे लागत नाहीत.

बॉर्डर ओलांडलीत तर

मुलाची नोकरी मँचेस्टरला लागली आणि आईबाबा बरोबर गेले, हे नेहमीचं. स्कॉटलंडचं डिसेबिलिटी पेमेंट १३ आठवडे चालू राहतं, तेवढ्यात डीडब्ल्यूपीकडे अटेंडन्स अलाउन्सचा नवा क्लेम टाकायचा. उलट दिशेनेही तसंच. वेल्सला वेगळं सोशल सिक्युरिटी खातं नाही, डिसेबिलिटीचं सगळं डीडब्ल्यूपीकडेच, पण वेल्श सरकार "क्लेम व्हॉट्स युअर्स" नावाने मोहीम चालवतं आणि अॅडव्हाइसलिंक सिमरू फोनवर सगळं एकदम तपासून देतं. नॉर्दर्न आयर्लंडमध्ये कागदोपत्री सगळंच बेलफास्टकडे आहे, दर बहुतेक लंडनसारखेच ठेवतात, आणि तिथल्या डिपार्टमेंट फॉर कम्युनिटीजची "मेक द कॉल" सेवा आहे, एका फोनवर सगळ्या बेनिफिटची तपासणी. स्कॉटलंडमध्ये लंडन-एडिनबरा-कौन्सिल असं तिघांचं एकत्र तपासून देणारं सरकारी एकच दार अजून नाही, आणि ते व्हायला हवं असं मला ठाम वाटतं. यात पैशाचाही मुद्दा आहे: पेन्शन क्रेडिट घेणारे वाढले तर खर्च लंडनचा, आणि डिसेबिलिटी पेमेंट इंग्लंडपेक्षा जास्त लोकांनी घेतलं तर वरचा खर्च एडिनबराच्या तिजोरीतून, कारण लंडनकडून येणारी रक्कम इंग्लंड-वेल्समधल्या खर्चावरून ठरते.

तोवर मंडळांनी हे करावं: गणपती किंवा दिवाळीच्या कार्यक्रमाला सोशल सिक्युरिटी स्कॉटलंडच्या लोकल टीमला आणि कौन्सिलच्या वेल्फेअर राइट्सवाल्यांना एकाच दिवशी बोलवा, शेजारी शेजारी टेबलं द्या, आणि फॉर्मचं बोलायला एक बंद खोली द्या कारण आपली माणसं चारचौघांत पैशाचं बोलत नाहीत. दोन-तीन मराठी बोलणारी तरुण मुलं दुभाषी म्हणून बसवा. येताना नॅशनल इन्शुरन्स नंबर, औषधांची यादी आणि आधी आलेलं नकाराचं पत्र घेऊन या असं निमंत्रणातच लिहा.